चौकशीचे दहा फोटो

गल्लीत बातमी अशी पसरली होती, की चौकशी शेजाऱ्यांच्या बाहुल्या करून कपाटात कोंडतो आणि त्यांच्यावर करणी करतो. पुरावा शेजारच्या काकूंनी दिला. त्यांनी स्वतःची बोटभर बाहुली त्याच्या टेबलावर पाहिली, गुलाबी शालीसकट, हनुवटीवरच्या तिळासकट, आणि त्याच दिवशी त्यांची कंबर धरली!

आता खरं काय ते सांगायला हवं. बाहुली होती, तीळही होता. पण कंबर धरली ती छतापर्यंत न पोचणाऱ्या मधल्या भिंतीवरून अर्धा तास लोंबकळून डोकावल्यामुळे. आणि चौकशीला करणी येत असती, तर पहिली त्याने आपल्या साहेबांवर केली असती.

चौकशी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बसस्थानकात ज्या खिडकीमागे तो बावीस वर्षं बसला, तिच्या कपाळावर हा शब्द रंगवला होता. तो हळूहळू त्याच्याच कपाळी आला. काच, काचेत वाटीएवढं भोक, भोकापलीकडे माणसं. 'गाडी कधी लागेल?', 'कुठे लागेल?', 'लागेल ना?' त्याने सात वेळा बदलीचा अर्ज केला. साहेब सातही वेळा तेच म्हणाले, "तुमच्याइतकं शांतपणे कोण बसणार हो तिथे?" शांतपणा असा अंगाशी आला.

बसून बसून तो माणसं टिपायला शिकला. घरी येऊन तारेच्या सांगाड्यावर माती लावायची, वाळली की तीन केसांच्या ब्रशने रंगवायची. हरवलेली पिशवी शोधणारे आजोबा, दर गुरुवारी तोच प्रश्न विचारणारी बाई, रडून झाल्यावर केस नीट करणारी मुलगी. बोटाएवढ्या माणसाच्या डोळ्याखालचं काळं वर्तुळसुद्धा सुटायचं नाही.

घरात तो आणि त्याची ताई. ताईचं शिवणकाम. दिवसभर ती गिऱ्हाइकाच्या घोट्याशी बसून पँटचे पाय दुमडणार, टाचण्या लावणार, मग मशीन घरघरवणार. त्याचं टेबल मशीनच्या कडेला, कारण खोलीत दुसरीकडे टेबल मावतच नव्हतं. मशीन थांबायचं ते फक्त ताईला त्याला काही सुनवायचं असलं तर.

अशात दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयाच्या कार्यशाळेची जाहिरात आली. तिथे जुन्या बाजाराचा देखावा करायचा होता, त्यात पाचशे इवली माणसं. काम पसंत पडलं तर कायमची नोकरी. रंगवलेल्या दहा माणसांचे स्वच्छ फोटो सोमवारपर्यंत पाठवायचे.

"दहा फोटो म्हणजे काय, दहा मिनिटांचं काम," असं म्हणून चौकशी शनिवारी सकाळी बसला. दुपारपर्यंत एक धड फोटो नव्हता. काकू अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या निळ्या निघाल्या, कारण एका बाजूला बल्ब, दुसऱ्या बाजूला खिडकीचा उजेड. आजोबांचं नाक लख्ख, कान धुक्यात. मुलीच्या कपाळावर वार्निश असं चमकलं, की जणू तिला घाम फुटला होता. आणि जे काही उरलं ते मशीनच्या हादऱ्याने थरथरलेलं.

पण चौकशी चिवट. त्याने एक खोका घेतला, त्याच्या दोन्ही बाजू कापून तिथे ताईचा बटरपेपर चिकटवला, म्हणजे दिव्याचा उजेड गाळून, मऊ होऊन आत येईल. पडदे ओढले. दोन दिवे, दोन्हींत एकाच जातीचे बल्ब. मागे करडा पुठ्ठा असा वाकवून उभा केला, की जमीन कुठे संपते ते कळू नये. कपाळावर चकाकी घालवणारं वार्निश फिरवलं. फोन दोऱ्याच्या रिळांमध्ये घट्ट बसवून जरा लांब सरकवला. लांबून घेतलं की नाक आणि कान दोन्ही स्पष्ट येतात, भोवतालचं नंतर कापता येतं. बोट लागलं तरी फोन हलायचा, म्हणून बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल अशी सोय लावली.

राहिली ताई.

"ताई, दोन सेकंद!"

घरघर.

"ताई, अगं दोनच सेकंद थांब."

"तुझ्या दोन सेकंदांत माझी बाही तिरकी जाते. आणि तिकडे गेलास तर या मशीनला तेल कोण घालणार? काकू?"

"मी घालेन की!" भिंतीवरून आवाज आला. काकूंची कंबर बरी झाली होती.

"तुम्ही आधी खाली उतरा," ताई म्हणाली. पण पाय थांबवला.

तसे रविवार संध्याकाळपर्यंत दहा फोटो झाले. मध्येच मोठं करून पाहिल्यावर आजोबांची भुवई वाकडी दिसली, ती पुसून पुन्हा रंगवली, पुन्हा "ताई, दोन सेकंद!" शेवटी त्याने दहाही फोटो दाखवले. काकूंनी फक्त आपला पाहिला.

"मेल्या, माझी हनुवटी एवढी दुहेरी आहे?"

"फोटो खोटं बोलत नाही, काकू."

ताईने मात्र सगळे पाहिले, एकेक करून, सावकाश, वरपासून खालपर्यंत. शेवटच्या फोटोवर तिने तोंड उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिने दोन टाचण्या उचलून ओठांत धरल्या आणि कापडाकडे वळली. चौकशीने फोटो पाठवून दिले.

पुढचे नऊ दिवस तो खिडकीत बसून लोकांना गाड्या सांगत होता, पण मनाने सामान बांधत होता. काचेवरचे बोटांचे ठसेसुद्धा त्याने पुसायचे सोडले. आता पुढचा पुसेल.

दहाव्या दिवशी तो जेवायच्या सुट्टीत घरी आला असताना फोन वाजला. कार्यशाळेच्या बाई होत्या. आवाज मोठा, त्यामुळे ताईलाही ऐकू जात होता आणि अर्थातच भिंतीलाही.

"फोटो फार सुंदर आहेत तुमचे. एकेक पापणी दिसते. चेहरे तर बोलतातच. पण त्यामुळेच एक गोष्ट नजरेत आली. दहाही जणांच्या पायांत तेच तपकिरी बूट कसे?"

चौकशीने खाली पाहिलं. त्याच्या पायांत तेच होते.

"अगंबाई, मी कधी घातले बूट?" भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या. त्या त्याला भिंतीच्या वरच दिसायच्या, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"आणि सगळे टाचा जुळवून उभे," बाई पुढे बोलत होत्या. "आमचा बाजार आहे हो. आम्हाला कुठेतरी निघालेली माणसं हवीत. तुम्ही जरा चालत्या माणसांचा अभ्यास करा, पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा."

मशीन कधीचं थांबलं होतं. चौकशीने ताईकडे पाहिलं. जिचा जन्म लोकांच्या घोट्यांशी गेला, ती ताई सुईत दोरा ओवत होती. तो आधीच ओवलेला होता.

"हॅलो? ऐकताय ना?" बाई म्हणाल्या. "माणसं चालतात कशी, हे कधी पाहिलं नाहीत का तुम्ही?"

तेव्हा चौकशी म्हणाला, "बाई, बावीस वर्षं मला माणूस छातीपर्यंतच दिसलाय. पाय बघायला हवे असतील तर आधी मला त्या चौकशीच्या खिडकीतून बाहेर काढा, मग बूट बदलतो."