साहेबरावांची जीभ

जालन्याजवळ आमच्या बियाणं कंपनीच्या शेतावर साहेबराव दाभाडे टरबुजं चाखायचे. लोकांना वाटे, काय मजेची नोकरी! दिवसाला शंभर फळं चाखून बघा म्हणावं, टरबुजाचं नाव काढणार नाही.

कंपनीत नवीन वाण काढणाऱ्या ज्योत्स्ना मॅडमनी आपल्या लाल टरबुजाचा एका रानटी जातीशी संकर केला होता. वेली रोगाला दाद देईनात, फळं दुपटीनं लागली, पण काही वेलींत रानटी कडवटपणाही उतरला. गोडी मोजायला यंत्र होतं. कडू ओळखायला साहेबरावच. ते कडू म्हणाले की मी वहीत फुली मारायचो आणि ती वेल बाद व्हायची. उरलेल्यांचं बी पुढच्या पेऱ्याला जाई. अशी सहा वर्षं गेली.

मग साहेबरावांच्या तोंडात गाठ निघाली. संभाजीनगरला महिनाभर किरणांचे शेक घेऊन ते परत आले, वाळून काटकी झालेले. आल्या दिवशीच सुरी मागितली. त्या हंगामात ते प्रत्येक फोड चघळायचे आणि म्हणायचे, "गोड." माझ्या वहीत एकही फुली पडली नाही. एरवी वेलींच्या दर ओळीत दोन-चार तरी पडायच्या. शेकानं त्यांची चवच गेली की काय, अशी मला शंका आली. पण त्या माणसाला कोणत्या तोंडानं विचारायचं? मूठ झाकलेलीच ठेवली.

या उन्हाळ्यात त्याच बियाण्याची फळं धरली. मॅडमनी पहिलं फळ कापलं, खाल्लं आणि थुंकल्या. दुसरं, तिसरंही तसंच. मी खाल्लं तर घशापर्यंत कडू झालं. तेवढ्यात साहेबराव आले. मॅडमनी काही न सांगता त्यांना फोड दिली. त्यांनी सावकाश खाल्ली.

"गोड हे," ते म्हणाले. मग आमची तोंडं बघून तिथंच बांधावर बसले.

सहा वर्षांचं काम मातीत गेलं, मॅडम म्हणाल्या. वरचे लोक आता हा संकर बंदच करतील. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज यांच्यासोबत होतात. तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?"

मी वहीतली त्या हंगामाची पानं उलटायला लागलो.

"त्याला काय माहीत, मॅडम?" साहेबराव म्हणाले. "मी गोड म्हणून राह्यलो, तो लिहून राह्यला. चूक माझी हे."

ते माझ्याकडे बघत होते. मला शंका आली होती, हे त्यांना माहीत होतं. मला लाज वाटली, फार वाटली, तरी मी मान हलवून म्हणालो, "हो मॅडम, मला काहीच माहीत नव्हतं."