कुसकुसची चाळणी

शुक्रवारी जेवायला कुसकुस ठरलेला, म्हणून मन्नूबिया सकाळीच गव्हाच्या रव्याचे ते बारीक दाणे चाळायला बसली होती. तिचा नवरा शादली कॉफीत पाव बुडवत होता, पण लक्ष सगळं खिडकीकडे. खिडकीतून महदियाच्या बंदराचा एक कोपरा दिसायचा, आणि त्या कोपऱ्यात नेमकी मुख्तार तांडेलाची नाव.

"पाव विरघळला कपात," मन्नूबिया म्हणाली. "ती नाव म्हणजे माझी सवतच झालीय."

एकोणतीस वर्षं त्या नावेचा डेक शादलीने रंगवला होता. पाय घसरू नये म्हणून ओल्या रंगावर तो वाळू पेरायचा, आणि तीही अशी, की अनवाणी खलाशी लाटेतही पाय रोवून उभा राहावा, पण तळव्याला काही टोचू नये. यंदा मुख्तारने ते काम युनूसला दिलं. का, तर म्हणे, "काका, आता गुडघ्यांना आराम द्या." युनूसला! ज्याला ब्रश धरायला शादलीनेच शिकवलं, त्याला! तेव्हापासून शादली पाव आणायलाही बंदरावरून वळसा घेऊन जायचा, तो राखाडी डेक बघायचा आणि जळत घरी यायचा. रंगाचा हात एकसारखा बसलाय हे त्याला दिसायचं. तेच जास्त झोंबायचं.

दारावर थाप पडली. दारात युनूसच!

"काकू, तुमची ही चाळणी मिळेल का?"

"कुसकुस रांधतोयस की काय?" शादली आतूनच खेकसला.

युनूसने मान खाली घालून सांगितलं. डेकवर गुडघे टेकून जाळी सांधताना खलाशांचे गुडघे सोलवटले होते. जाळीही अडकून फाटत होती. त्याने वाळू गवंड्याच्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळली होती. आता सगळा डेक खरवडून काढला होता, आणि सोमवारी नाव निघायची होती.

शादलीच्या मनात उकळ्या फुटल्या. "सात वर्षं माझ्या हाताखाली माश्या मारत होतास काय रे?"

"रंग शिकलो, काका. वाळू तुम्ही दाखवलीत कधी? चाळायची वेळ आली, की मला चहा आणायला पिटाळायचात."



"खरं बोलतोय तो," मन्नूबिया म्हणाली. "आणि घरी येऊन मला सांगायचात, पोराचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो म्हणून."

"तू गप गं!"

पण बोलून झालं होतं. युनूस त्याच्याकडे बघतच राहिला. शादलीने बायकोच्या हातातली चाळणी ओढून घेतली.

"अहो, माझा कुसकुस!"

चाळणी झटकून त्याने युनूसपुढे धरली. "वाळू विहिरीच्या पाण्यात तीनदा धू. मीठ राहिलं तर रंगाला फोड येतात. गच्चीवर वाळव. हिच्यातून खाली पडेल तेवढीच घे. हात उंच धरून पेर, मुठीने फेकू नकोस. वाळल्यावर वरून एक पातळ हात दे."

"तुम्हीच चला ना, काका. तुम्ही असलात तर—"

"नाही. डेक तुझा आहे." शादली पुन्हा खिडकीकडे बघायला लागला. "फक्त सुकाणूमागे मुख्तार उभा राहतो ना, त्या दोन फळ्या मला रंगवू दे."