कांबळे बाईंचा कागद

कांबळे बाई पोरांना भितात म्हणून छडी धरत नाहीत, अशी बोलवा नव्याण्णव साली हातकणंगल्याजवळच्या त्या हायस्कुलात उठली होती. उठवली होती नववीतल्या सम्राटनं. वर्षाराणी कांबळे बाईंचा आवाज थरथरता करून तो म्हणायचा, “बाळांनो, मारू का? नको, राहू दे!” आणि वर्ग हसून लोळायचा.

खरं तर बाई कुणालाच भीत नव्हत्या. भ्यायची ती पोरं, कारण जितके मास्तर तितके कायदे. उशीर झाला तर एक सर कोंबडा करायचे, दुसरे हसून आत घ्यायचे, आणि आकाराम सरांचं सगळं चहा झालाय की नाही यावर.

एका दुपारी सम्राटनं फळीच्या पार्टिशनआडून हेडसर गणपतरावांचा खर्जातला आवाज काढला, “आकाराम सर, जरा हापिसात या!” सर टोपी सावरत धावले. हापिसाला कुलूप. परत आले तर वर्ग खिदळत होता, सगळ्यात मोठ्यानं सम्राटच्या बाकावरचा गुंडू. चौकशी नाही, काही नाही. गुंडूच्या हातावर सहा छड्या. त्यानं नाव घेतलं नाही. सम्राट वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं करत राहिला. पायात चपला होत्या.

संध्याकाळी गुंडूला म्हशीची धार काढता येईना. दुसऱ्या दिवसापासनं तो शाळेतच आला नाही. “शिकून तरी मारच खायचाय न्हवं?” असं त्याची आई बयाबाई पाणंदीत कुणाला तरी सांगत होती. सम्राटनं वाट बदलली.

बाईंनी हेडसरांना गाठलं. सम्राट माठ भरायच्या निमित्तानं दाराशीच होता.

“कुठल्या चुकीला काय शिक्षा, ते लिहून भिंतीला लावू या. आणि आधी पोराचं ऐकायचं.”

“ओ बाई, ही शाळा हाय, कोर्ट न्हवं!”

“कोर्टात निदान आधी विचारतात, सर.”

सम्राटनं बाईंचा तो आवाज मनातल्या मनात काढून बघितला. जमला नाही.

परवानगी मिळाली ती बाईंच्या एका वर्गापुरती, म्हणजे नववीपुरती. पोरांना विचारून विचारून त्यांनी कागद लिहिला. त्यात एक ओळ अशी: आपल्यामुळं दुसऱ्याला मार बसला, तर त्याच्या घरी जाऊन कबूल करायचं.

सम्राटला घाम फुटला, म्हणून तोंड जास्तच सुटलं. “बाई, कागद लावून कुठं कोण कबूल हुतंय? लावा पैज! शनिवारपर्यंत कोण उठला, तर गुंडूला मी रोज सायकलवर डबलसीट आणतो की!”

“आणि नाही उठला, तर कागद मी फाडते,” बाई म्हणाल्या.

जिंकायला नुसतं गप्प बसायचं होतं.

शनिवारी शेवटच्या तासाला बाईंनी कागदाची चिकटपट्टी सोडवायला घेतली. सम्राट उठला. हेडसरांचा आवाज, आकाराम सरांचा, कुठलाच मदतीला आला नाही. निघाला तो त्याचा स्वतःचाच, फुटका. “बाई, मी काढलता हेडसरांचा आवाज. गुंडूनं काय न्हाय केलं.”

तासाभरात तो बयाबाईच्या दारात होता. तिनं सगळं ऐकलं आणि एक शिवीसुद्धा दिली नाही. शिवी परवडली असती.

सोमवारी गुंडू कॅरेजवर बसला आणि म्हणाला, “पैज हरलास न्हवं? मग चढाला मी उतरणार न्हाय.”