पानकाचा बर्फ

राजाजीनगरात आमच्या गल्लीच्या मांडवात रामनवमीला पानक असतं. गुळाचं पाणी, लिंबू, सुंठ, वेलदोडा. त्यात बर्फ किती घालायचा, ते नरसिंहअण्णा ठरवायचे. सरकारी कारखान्यात भट्टीखात्यात जन्म गेलेला माणूस. 'अंदाजाने' हा शब्द त्यांना खपायचा नाही.

"बर्फ जास्त झाला तर पानक पांचट, कमी झाला तर राम कोमट पाणी पिणार," म्हणायचे. मग फरशीवर खडूने मांडायचे. शंभर लिटर पानक तीस अंशांवरून दहावर आणायचं, म्हणजे दोन हजार किलोकॅलरी काढायच्या. "किलोभर बर्फ नुसता वितळायलाच ऐंशी खातो. मग त्याचं पाणी दहा अंशांवर यायला आणखी दहा. झाले नव्वद. बावीस किलो आणा!" आम्ही बायका हसायचो, पण पानक दरवर्षी जमायचं.

यंदा सकाळीच मांडवापुढे टेम्पो थांबला. बर्फवाला नागनाथ डोकं खाजवत मला म्हणाला, "अक्का, अण्णांनी यंदा स्वल्प जास्तीच सांगितलं. दोनशे किलो."

"रामाला हिमालयात बसवताय की काय?" मी म्हटलं. सगळे हसले. अण्णांच्या पत्नी नीलाअक्का तेवढ्या हसल्या नाहीत. "फोनवर मीच चुकीचं सांगितलं," त्या घाईने म्हणाल्या.

"छे! हिशोब माझा आहे." अण्णा खाली बसले. दोन हजार लिहिले, त्याला दहाने भागलं. "दोनशे. बघा की."

नीलाअक्का शेजारी टेकल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, आधी वितळायचे ऐंशी?"

"कसले ऐंशी?"

गेल्या महिन्यात अण्णा देवळातून येताना घराची वाट चुकले होते. तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, ऊन लागलं. मी रामाच्या तसबिरीकडे बघून हात जोडले. दुसरं काय करणार?

अण्णा आकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी खडू अक्कांपुढे धरला. "तू मांड. मी बघतो."

अक्कांनी मांडलं. ऐंशी, त्यात दहा, नव्वद. अण्णा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकत होते.

"मग बावीस," ते म्हणाले. मग विचारलं, "बरोबर ना, नीला?"

इतक्या वर्षांत त्यांनी असं कुणाला विचारलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.