तांदळाच्या डब्यातला फोन

काकूंचा मेसेज सकाळी आला, दोनच शब्दांचा. ‘काका गेले.’ नवीन वर्ष सुरू होऊन दुसराच दिवस होता, आई चहा गाळत होती आणि मी अजून पांघरूण गुंडाळून बसलेली. आता मी म्हणजे कोण, तर जिच्या टायपिंगला अख्खी बिल्डिंग वैतागलेली असते ती. समोरच्याने ‘कशी आहेस’ लिहीपर्यंत माझे सात मेसेज गेलेले असतात. त्या दिवशी मात्र फोन हातात धरून बसले आणि बोट हलेचना. ‘येतोय’ एवढं लिहायला मला अर्धा तास लागला...

अविनाशकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. सख्खे काका नव्हेत, पण टोकियोतल्या या निशी-कसाईत सख्खं कोण असतं? आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक आयटीवाले, माझे बाबा पण त्यातलेच. काका तेवढे एकटे शास्त्रज्ञ, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये धातू तापवायचे आणि गार करायचे, एवढंच मला त्यांच्या कामातलं कळलं. आणि या शांत, मफलरवाल्या, पुण्याच्या माणसाला वेड कशाचं, तर आइस हॉकीचं. ते पण लॅटव्हियाच्या. ते पण वीस वर्षांखालच्या पोरांच्या टीमचं! हा देश नकाशात शोधावा लागतो. “पुण्यापेक्षा कमी माणसं आहेत अख्ख्या देशात,” काका सांगायचे, “आणि त्यातली निम्मी बर्फावर पडूनच मोठी होतात.”

हे वेड लागलं २०११च्या भूकंपानंतर. मी तेव्हा दुसरीत होते. इथली भारतीय कुटुंबं भराभर विमानतळाकडे निघाली होती, आई मला घेऊन पुण्याला चालली होती, काकू पण आमच्याबरोबर. काका आमच्या बॅगा खाली उतरवत होते आणि मी विचारलं, “काका, तुम्ही का नाही येत?” तर म्हणाले, “अगं, लॅबमधला यानिस एकटा पडेल ना.” यानिस म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा लॅटव्हियाचा पोरगेला संशोधक. गंमत म्हणजे तो पण घरी फोनवर हेच सांगत होता, की अविनाश-सान एकटे पडतील. दोघं एकमेकांसाठी थांबले आणि हे दोघांना कळलं काही महिन्यांनी! तोपर्यंत वीज जायची, धक्के बसायचे, आणि यानिस लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर आपल्या देशातल्या पोरांच्या जुन्या मॅचेस लावायचा. त्या सगळ्या हरलेल्या. म्हणजे वरच्या गटात चढायचं, मोठ्या देशांकडून मार खायचा, परत खाली उतरायचं. “मग बघत का होतात?” मी एकदा विचारलं. काका म्हणाले, “प्रत्येक वेळी वाटायचं, यात जिंकतील.” रेकॉर्ड झालेल्या मॅचमध्ये!

यानिस पुढे घरी परत गेला, दरवर्षी काकांना लिंक पाठवत राहिला. लाइव्ह मॅच नेमकी काकांच्या कामाच्या वेळेत यायची, म्हणून ते रविवारी सकाळी बसून बघायचे, आणि तोवर कुणी स्कोअर सांगायचा नाही. आता हे मला कसं जमणार? मी आधीच शोधून ठेवलेला असायचा, पोटात राहायचं नाही माझ्या. दोन वेळा फोडला. तिसऱ्या रविवारी दारातच काकांनी हात पुढे केला. “फोन.” माझा फोन, त्यांचा फोन, काकूंचा फोन, तिन्ही गेले स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात, पुण्याहून आणलेल्या आंबेमोहोर तांदळात खोचून, वर झाकण. “आणि तोंड?” काकू म्हणाल्या, “तिचं तोंड कुठल्या डब्यात घालणार?” मग माझ्या तोंडात सोफ्यावर बसल्या बसल्या शंकरपाळे कोंबले जायचे. मॅच संपल्यावर फोन काढायचा, फुंकर मारायची, आणि तरी आठवडाभर चार्जिंगच्या भोकातून कण्या निघत राहायच्या.

त्या डब्यामुळे मला मॅच बघायला लागली. नाहीतर मी कसली बघतेय. आणि मग एका ऑगस्टमध्ये, म्हणजे कोविडमुळे पुढे ढकललेली स्पर्धा होती ती, ही पोरं पहिल्यांदा शेवटच्या आठात पोचली. बाहेर निशी-कसाई भाजून निघतंय, आत एसी, समोर बर्फ, आणि काका मफलर घालून! “शुभ असतो तो,” म्हणाले. काकूंनी शिरा केला. यानिसचा व्हिडिओ कॉल आला, तो आणि काका दोघं काही न बोलता नुसते हसत होते. मी ओरडत होते, तर काका म्हणाले, “बघ, तुझे सात मेसेज झाले एव्हाना. याचा अजून एक पण नाही झाला.”

त्यानंतर दोन वर्षांनी काकांचं पोटाचं दुखणं निघालं. उरायासुच्या बाजूला हॉस्पिटल, भेटायची वेळ दुपारची, ती पण वीस मिनिटं. डॉक्टर काय म्हणतात ते काकूंना मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. जपानी डॉक्टर फार हळू, फार गोल गोल बोलतात, आणि मी, जिला सगळ्यात आधी सगळं सांगायचं असतं, ती वाक्य गिळून गिळून सांगायला शिकले. फार दमवतं ते. शोगात्सुला, म्हणजे इथल्या नववर्षाच्या सुट्टीत, दोन दिवस घरी सोडू असं मात्र त्यांनी सरळ सांगितलं होतं.

डिसेंबर संपता संपता, शनिवारी सकाळी, लॅटव्हियाची मॅच कॅनडाशी होती. कॅनडाच्याच देशात, कॅनडाच्याच लोकांनी भरलेल्या स्टेडियममध्ये. घरी आईने वर्षअखेरची साफसफाई काढली होती, एका हातात काच पुसायचं फडकं, दुसऱ्यात फोन. काका हॉस्पिटलमध्ये टॅबलेटवर बघत होते, पण मध्ये नर्स येणार, सलाइन बदलणार, ते थांबवून थांबवून माझ्या बरेच मागे होते. मला माहीत होतं ते. गोलकीपर तर वेड्यासारखा अडवत होता सगळं, पण आपण एका गोलने मागे, शेवटची काही मिनिटं उरलेली, आणि मला कोपऱ्यावरच्या कॉन्बिनी दुकानातल्या पार्टटाइम बाइतोला पळायचं होतं, उशीर झाला की मॅनेजर-सान नुसते घड्याळाकडे बघतात. मी बूट घालता घालता टाइप केलं, ‘हरले काका!! पण काय खेळले!!!’

मॅच संपली नव्हती. आणि हॉस्पिटलमध्ये तांदळाचा डबा नव्हता.

दुकानाच्या मागच्या खोलीत एप्रन बांधताना बघितलं तर... बरोबरी. मग पेनल्टी, एक एक जण एकटा गोलकीपरसमोर, फेऱ्यांमागून फेऱ्या. जिंकले. लॅटव्हियाने कॅनडाला हरवलं, आणि मी ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या गोळ्यांच्या, क्रेटवर बसून रडत होते, कारण काकांनी माझा मेसेज वाचला होता. दोन निळ्या खुणा.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. काका बारीक झाले होते फार. मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. “बोलू नकोस. तुझ्या थोबाडावर काहीतरी आहे, ते पण मला वाचायचं नाहीये.” मेसेज बघून त्यांनी मॅच तिथेच बंद केली होती. मी म्हटलं, “काका, सॉरी, आत्ता लावू या ना, थोडीच राहिलीय.” तर म्हणाले, “इथे नको. घरी. डब्यासकट.” आणि मग डोळे मिटूनच, “संपायच्या आधी सांगायची घाई कसली गं असते तुला?”

एकतीस तारखेला ताप चढला. घरी सोडणं रद्द झालं.

इथे नववर्षात स्मशान पण बंद असतं. थांबावं लागलं. ते दिवस मला नीट आठवत नाहीत, वॉर्ड ऑफिसचे फॉर्म आठवतात, हाताने भरायचे, एक एक कांजी अक्षर सावकाश. लोक विचारत होते आणि मी सांगत होते, तेच तेच. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला काही सांगायचा कंटाळा आला.

गेल्या रविवारी मी वर काकूंकडे गेले. काकूंनी टॅबलेट चार्जिंगला लावला होता, उघडला तर मॅच तिथेच थांबलेली, आपण एका गोलने मागे. मी म्हटलं, “काकू, तो मेसेज मी...”

“माहितीये,” काकू म्हणाल्या. “हसत होते सांगताना. म्हणाले, पोरीने घरी जायला एक निमित्त ठेवलंय.”

काकूंनी आजवर एक मॅच धड बघितली नव्हती, त्या शिरा करायच्या. आता चष्मा लावून स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, “मग पुढे काय झालं गं?”

तोंडात आलं होतं. अगदी जिभेवर. मी म्हटलं, “बघा ना तुम्हीच.”

काकू उठल्या, माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वयंपाकघरात गेल्या. झाकणाचा आवाज आला. परत येऊन त्यांनी काकांचा मफलर मांडीवर घेतला, आणि मी मॅच सुरू केली.

“आपला कुठला?”

“लाल शर्टवाले.”

आत तांदळात माझा फोन थरथरायला लागला, एक मेसेज, दोन, पाच. “वाजू दे,” काकू म्हणाल्या. त्या पुढे सरकून बसल्या होत्या. मी शंकरपाळा तोंडात टाकला आणि गप्प बसले.