लाळघोटी जीभ

माझ्या जिभेला स्वाभिमान म्हणून नाही. समोरचा जसा बोलेल तशी ती वळते. घरात आम्ही दखनी बोलतो. मराठी मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत खेळताना आणि मग शाळेत शिकले. शाळेतल्या बाईंसमोर माझा 'ण' अगदी खणखणीत, भाजीवालीसमोर 'हाय' आणि 'न्हाई'. मुद्दाम करत नाही, होतं. अम्मी म्हणते, "जिसपे तेरा जी आता ना, उसकीच बोली बोलती तू." मी घरी येऊन दोन वाक्यं बोलले की ती ओळखते, आज कुणाकडे बसून आले ते.

शिरूरला एका लॅबमध्ये मला नोकरी लागली. सकाळी सातला हजर व्हायचं. दौंडहून त्या वेळेला पोचवणारी गाडी नव्हती, म्हणजे खोली मिळाली तरच नोकरी. पण माझं नाव सांगितलं की रिकाम्या खोल्यांत पटापट पाहुणे यायचे. एवढे पाहुणे शिरूरमध्ये कुठून उतरतात कोण जाणे.

मग एका बाईंचा नंबर मिळाला. फोनवर त्यांनी आधी गाव विचारलं. दौंड म्हटल्यावर हरखल्याच. "आगं, माझं म्हायेर केडगाव! म्हंजी तू आमच्याकडचीच की." झालं, माझी जीभ सुटली त्यांच्यामागं. "व्हय मावशी? मंग म्हायेराला कवा गेल्ता?" मी विचारत होते, त्यांच्याच हेलात, शब्दांची शेपटं खात. पुढं रोजच फोन व्हायला लागले. नाव त्यांनी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

रविवारी खोली बघायला गेले. दुसऱ्या दिवसापासून कामावर जायचं होतं. "ये गं पोरी," म्हणत बाईंनी पाणी दिलं, वर नेऊन खोली दाखवली, नळ सोडून दाखवला. "आजच सामान आण," म्हणाल्या. खाली आलो तर ओटीचं ताट तयार. माहेरच्या बाजूची लेक पहिल्यांदा दारात आली म्हणून खण, नारळ, तांदूळ असं सगळं मांडून ठेवलं होतं. मला पाटावर बसवलं. कुंकवात बोट बुडवून त्या हसल्या, "बघ की, नाव इचारायचंच ऱ्हायलं."

मी सांगितलं. आडनावासकट.

हात तिथूनच मागं गेला. ताट उचलून त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या हिंदी बोलत. "देखो, हमारा कुछ नहीं. लेकिन वो ऊपर का नळ खराब है. आप दुसरा किधर तो देखो." आत्ता मला पोरी म्हणणाऱ्या बाईनं माझ्यासाठी ही हिंदी उकरून काढली होती. शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मावशी, मला हिंदी समजत न्हाई," मी म्हणाले. "काय ती मराठीत सांगा. आत्ताच नळ सोडून दावला की तुम्ही."

"आप समझो ना," त्या म्हणाल्या. मी पुन्हा मराठीत विचारलं. त्यांनी पुन्हा हिंदीत हात जोडले. मराठीचा एक शब्द म्हणून बाईनं तोंडातून काढला नाही. शेवटी दार लावून घेतलं.

स्टँडवर अम्मीचा फोन आला. "कमरा मिल्या क्या?"

मला त्या बाईला घरच्या बोलीत सडकून शिव्या घालायच्या होत्या. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "न्हाई गं. न्हाई मिळाली. जाऊ दी."

केडगावचा हेल, जसाच्या तसा. दात ओठ खाऊन मी तोंड मिटलं.

 अम्मी मला समजावत म्हणाली, "जान दे. पर बाई भौत भली थी ना? तेरी बोलीसेच समजा मेरेकू."