फोडणी म्हटलं की मागे सरायचं

आमच्या क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात जातो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला काहीही लिहिता येईल असं घरातले आणि क्लबातले लोक धरून चालतात. मला तेवढी खात्री नाही. कुंभकोणमात आम्ही घरात मराठी बोलतो, पण शाळेत शिकतो तमिळ. देवनागरी मी मोठेपणी फोनवर शिकलो. तरी लिहितो आहे, कारण या इतिहासातली शेवटची गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली.

क्लब बॉल बॅडमिंटनचा आहे. पिवळ्या लोकरीचा चेंडू, लाकडी रॅकेट, मातीचं मैदान आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. तंजावरच्या बाजूला हा खेळ जुना आहे. मराठ्यांच्या काळात इकडे आलेल्या आमच्या लोकांच्या नातवा-पणतवांनी इथल्या मठामागच्या, मठाच्याच मोकळ्या जागेत हा क्लब काढला. पहिले पाचही खेळाडू आचारी होते. माझे वडीलही आचारीच, पण ते खेळायचे नाहीत. "दिवसभर उभा असतो तो पुरे नाही का," असं म्हणायचे.

आचारी लोक स्वयंपाकघरात जसे एकमेकांना ओरडून सांगतात, तसेच ते मैदानावर ओरडायचे. चेंडू जाळीजवळ अलगद टाकायचा असेल तर "मीठ". बाहेर जाणारा चेंडू सोडून द्यायचा असेल तर "तूप", म्हणजे तो आपला आपण घसरेल. आणि जोरात खाली मारायचा असेल तर "फोडणी". मधे उभा असलेला कप्तान ओरडायचा आणि बाकीचे चौघे त्याप्रमाणे जागा धरायचे. समोरच्या तमिळ संघांना काही कळायचं नाही, आणि आम्ही जिंकायचो ते याच्याच जोरावर, असं आमच्याकडे सगळे मानत. म्हणूनच नियम होता, की ज्याच्या घरी मराठी बोलतात तोच खेळेल. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच कधी पडली नव्हती.

यंदा मात्र तो आडवा आला. पोंगलच्या स्पर्धेच्या तोंडावर आमचा पाचवा खेळाडू नोकरीसाठी कोइंबतूरला गेला. उरलो चौघे: कप्तान, औषधांच्या दुकानात काम करणारे दोघे भाऊ आणि मी. कप्तानांना आम्ही काका म्हणतो. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या गुडघ्याला पट्टा असतो. तिकडे मठाच्या लोकांना दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला जागा हवी होती. त्यांनी काकांना सांगितलं होतं, की संघ स्पर्धेत उतरला तर मैदान तुमचं, नाही तर पोंगलनंतर तिथे गाड्या उभ्या राहतील.

माझा एक मित्र दारासुरम्‌चा आहे, माझ्याच वर्गातला. त्याच्या घरी रेशमाचे माग आहेत. कॉलेज सुटल्यावर तो माझ्याबरोबर मैदानावर यायचा आणि भिंतीशी बसून बघायचा. कधी आमच्यातला कोणी उशिरा आला तर तेवढ्यापुरता खेळायचा. माझ्याहून तो फार चांगला खेळतो. हे मला ठाऊक होतं आणि काकांनाही. पण काकांना सांगायचा धीर मला बरेच दिवस झाला नाही. शेवटी एका संध्याकाळी ते पट्टा आवळत बसले होते तेव्हा म्हणालो, "काका, त्याला घेऊ या."

"तो आपल्यातला नव्हे," काका म्हणाले. "मी फोडणी म्हटलं तर तो कढई शोधेल."

दोघे भाऊ हसले. मीही जरा हसलो, पण जागचा हललो नाही. "त्याला कळतं, काका. विचारून पाहा."

"कोणीं सांगितलें तुज?" काका चिडले की त्यांचं मराठी असं आजोबांच्या वळणावर जातं.

मी मित्राला हाक मारली. काकांनी त्याला तमिळमध्ये विचारलं, "मीठ म्हणजे काय?"

"जाळीजवळ टाकायचा, मामा." तमिळमध्ये वडीलधाऱ्या माणसाला मामाच म्हणतात.

"तूप?"

"सोडायचा. बाहेर जातोय."

"फोडणी?"

"फोडणी म्हटलं की मागे सरायचं," मित्र म्हणाला.

काकांनी मान हलवली. "चुकला. फोडणी म्हणजे मारायचं."

"तुम्ही मारायचं, मामा. आम्ही मागे सरायचं." तो चाचरला. आता पुढचं सांगावं की नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "माझे चित्तप्पा दारासुरम्‌च्या संघात खेळायचे. त्यांनीच आम्हाला शिकवलं. चोळपुरम्‌चे लोकही मागेच सरतात. सगळ्यांना माहीत आहे."

चित्तप्पा म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. या चित्तप्पांविरुद्ध काका उमेदीची सगळी वर्षं खेळले होते. औषधांच्या दुकानातल्या भावांपैकी धाकटा म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आपण त्यांना सांगूनच मारत होतो?"

"मग आम्ही जिंकायचो कसे?" काकांनी मित्राला विचारलं. त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं.

"चांगलं खेळायचात," मित्र म्हणाला. "चित्तप्पा म्हणतात, त्या मामांचा चेंडू कुठे येणार ते आधी कळलं तरी घेता यायचा नाही."

काकांनी गुडघ्यावरचा पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "या स्पर्धेपुरता. पुढचं पुढे बघू."

आमचा पहिलाच सामना तिरुविडैमरुदूरच्या संघाशी पडला. ते लोक उंच आणि तयारीचे. मला मागच्या कोपऱ्यात ठेवलं होतं आणि मित्र पुढे जाळीजवळ होता. काका नेहमीप्रमाणे ओरडत होते, आणि आता मला दिसायला लागलं, की खरंच ते ओरडले की समोरचे पाच जण आपापल्या जागेवरून सरकायचे. इतकी वर्षं समोर असून आमच्यातल्या कोणी ते पाहिलं नव्हतं, कारण आमचं सगळं लक्ष काकांच्या तोंडाकडे असायचं.

गुण बरोबरीत आले. चेंडू उंच उडून मित्राकडे आला. काका घसा ताणून ओरडले, "फोडणी!"

समोरचे पाचही जण मागे धावले. मित्राने रॅकेट वर नेली, तिथेच थांबवली आणि चेंडू जाळीपलीकडे अलगद टाकला. माती ओली असावी तसा तो पडल्या जागी बसला. चेंडूजवळ कोणीच नव्हतं.

त्यांचा मागचा खेळाडू कमरेवर हात ठेवून पंचांकडे गेला. "हे काय, सार? त्यांनी फोडणी म्हटलं होतं."

पंचांना काही कळेना. "काय म्हटलं होतं?"

"फोडणी. फोडणी म्हटलं की मारतात. आमच्या आजोबांपासून मारतात."

काका आधी खोकले, मग खाली बसले आणि पोट धरून हसले. गुण आम्हाला मिळाला. सामनाही मिळाला. त्याच्या पुढचा मात्र आम्ही हरलो. तोवर ही बातमी सगळीकडे पसरली होती आणि काका काहीही ओरडले तरी कोणी जागचं हलत नव्हतं. पण संघ उतरला होता, आणि मैदान राहिलं. मठाच्या गाड्या आता पलीकडच्या गल्लीत लागतात.

पोंगलनंतर मित्र यायचा थांबला. त्याला स्पर्धेपुरतंच घेतलं होतं ना. मी सांगून पाहिलं, तर म्हणाला, "मामांना बोलवू देत." मी ते काकांच्या कानावर घातलं. या वेळी धीर गोळा करावा लागला नाही.

काका दुसऱ्या दिवशी मला घेऊन टाउन बसने दारासुरम्‌ला गेले. मित्र मागावर बसला होता. काकांनी चहा घेतला, चित्तप्पांच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग मागाकडे बोट दाखवून विचारलं, "धागा तुटला की तुमच्यात काय ओरडतात?"

मित्राने सांगितलं. त्याच्या घरी सौराष्ट्री बोलतात. त्याचे लोकही आमच्यासारखेच कधीतरी उत्तरेकडून आलेले.

"आणि धागा ताणायचा असला की?"

तेही त्याने सांगितलं. काकांनी दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले. "मैदानावर हे चालतील. उद्यापासून ये."

"मामा," मित्र म्हणाला, "अर्ध्या गावाला सौराष्ट्री कळते."

"कळू दे," काका म्हणाले, आणि पट्टा सावरत उठले.